मूत्रपिंडातल्या नलिकांना इजा झाली की किडनीच्या कामावर काय परिणाम होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीबद्दल बोलताना सगळं लक्ष रक्तातल्या क्रिएटिनिनच्या, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या आणि किडनीने बाहेर टाकायच्या टाकाऊ पदार्थाच्या, आकड्यावर खिळतं. तो आकडा महत्त्वाचा आहेच, पण रक्त किती गाळलं जातंय एवढंच तो सांगतो, आणि तेही उशिरा. गाळलेल्या पाण्याचं पुढे काय होतं हे नलिका ठरवतात आणि किडनीचं बहुतेक कष्टाचं काम तिथेच चालतं. रुग्ण आणि घरचे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नलिका म्हणजे नेमकं काय? त्या काय करतात?

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. ही झाली गाळणी. तिच्यापासून निघणारी लांब, वळणावळणाची नळी म्हणजे नलिका.

गाळणीतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव खाली उतरतो. रक्तातला पातळ द्रव जेमतेम ३ लिटर असतो, म्हणजे तोच द्रव दिवसभरात साठेक वेळा गाळून निघतो. लघवी मात्र होते दीड-दोन लिटर. बाकीचं जवळजवळ ९९ टक्के पाणी नलिका परत रक्तात घेतात. गाळणी फक्त आकार आणि विद्युतभार बघते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं ती अडवते, बाकी सगळं खाली सोडते. त्यात साखर असते, मीठ असतं, अमिनो आम्लं असतात आणि टाकाऊ युरियाही असतो. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ही निवड नलिकांची.

नलिकेच्या प्रत्येक टप्प्याचं काम वेगळं आहे. पहिला टप्पा सुमारे दोन तृतीयांश मीठ-पाणी, जवळपास सगळी साखर आणि रक्तातलं आम्ल आवरणारं बरंचसं बायकार्बोनेट परत घेतो, शिवाय कित्येक औषधं रक्तातून ओढून लघवीत टाकतो. पुढचा केसपिनेसारखा वाकलेला भाग, हेन्लेचा लूप, लघवी दाट करण्याची तयारी करतो. शेवटचे टप्पे हार्मोनच्या हुकमानुसार पोटॅशियम, आम्ल आणि पाण्याचा अखेरचा हिशोब जुळवतात. त्यामुळे इजा कोणत्या टप्प्याला झाली यावर लक्षणं ठरतात.

इजा नलिकांना झाली आहे, गाळणी शाबूत आहे. मग क्रिएटिनिन का वाढतं?

हा प्रश्न फार योग्य आहे आणि याचं उत्तर रुग्णाला क्वचितच नीट सांगितलं जातं. नलिका बिघडली तर लघवी नुसती पातळ व्हायला हवी, गाळण्याचं काम का मंदावतं? याची तीन कारणं आहेत आणि ती बहुधा एकत्रच काम करतात.

पहिलं कारण अडथळा. मेलेल्या आणि सुटलेल्या पेशी नलिकेच्या पोकळीत पडतात, तिथल्या प्रथिनात अडकून त्यांचे साचे बनतात आणि नळी तुंबते. तुंबल्यामुळे मागे दाब वाढतो आणि त्या दाबाविरुद्ध गाळणीतून द्रव उतरेनासा होतो.

दुसरं कारण मागची गळती. नलिकेचं अस्तर जागोजागी उघडं पडलं की गाळलेला द्रव, त्यातल्या क्रिएटिनिनसकट, बाजूच्या ऊतीत झिरपतो आणि पुन्हा रक्तात जातो. गाळप झालेलं असतं, पण त्याचा उपयोग होत नाही.

तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक नलिका फिरून आपल्याच गाळणीच्या दाराशी येते. तिथे मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी नलिकेतून किती मीठ पुढे चाललंय ते मोजत असतात. पहिला टप्पा इजेमुळे मीठ परत घेऊ शकत नसेल तर इथे नेहमीपेक्षा जास्त मीठ पोचतं. लगेच संदेश जातो आणि गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळली जाते. गाळप कमी होतं. एका अर्थी हा शरीराचा बचाव आहे. नलिका मीठ परत घेऊ शकत नसताना दिवसाला १८० लिटर गाळत राहिलं असतं तर काही तासांतच शरीरातलं मीठ-पाणी संपून जीव गेला असता.

किडनीत एवढे भाग असताना नलिकांनाच इजा का होते?

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा किडनीकडे जातो. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातलं बहुतेक रक्त बाहेरच्या थरात फिरतं. आतल्या थरात रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो आणि तिथला ऑक्सिजनचा दाब बऱ्याचदा १० ते २० मिलिमीटरच भरतो. मीठ ओढून घ्यायला मात्र नलिकेच्या पेशींना सतत ऊर्जा लागते. गरज मोठी आणि शिल्लक नाही, अशी ही जागा आहे. म्हणून रक्तदाब काही काळ फार खाली गेला की पहिला फटका याच पेशींना बसतो.

दुसरं म्हणजे विषारी पदार्थ इथेच साठतात. पाणी परत शोषलं गेलं की उरलेल्या द्रवातल्या पदार्थांचं प्रमाण वाढत जातं. काही औषधं तर पेशी स्वतःच आत ओढून घेतात. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं पहिल्या टप्प्यातल्या पेशींच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट साठतात. म्हणूनच त्यांचा त्रास बहुधा लगेच न दिसता ५ ते ७ दिवसांनी दिसू लागतो.

इजा कशाकशामुळे होते?

रुग्णालयात सर्वाधिक दिसणारी कारणं म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग, रक्तदाब कोसळणं, मोठी शस्त्रक्रिया, भरपूर रक्तस्राव आणि खूप जुलाब-उलट्यांनंतर उपचाराला झालेला उशीर. औषधांमध्ये वर सांगितलेली अँटिबायोटिक्स, बुरशीवरचं अँफोटेरिसिन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, एचआयव्हीसाठी दिलं जाणारं टेनोफोविर आणि दीर्घकाळ घेतलेलं लिथियम ही नावं वारंवार येतात. याचा अर्थ ती घेऊ नयेत असा नाही. अनेकदा तीच जीव वाचवतात. ती सुरू असताना रक्त-लघवीची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायला हवी, एवढंच.

स्नायूंचा चुराडा हे कारण लोकांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबहल्ले झाले तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं सुरुवातीला बरी दिसायची आणि काही दिवसांत किडनी बंद पडून दगावायची. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली हे नोंदवलं. चिरडलेल्या स्नायूतून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन नलिकांमध्ये अडकतं आणि त्यांना विषासारखं बाधतं. भूकंपात, अतिश्रमात, उष्माघातात, लांबलेल्या फिट्समध्ये आजही हेच घडतं. अशा वेळी लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर एक तासही थांबू नये.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समजही इथे चालत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. त्या औषधात अरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळली गेली होती. नलिकांच्या भोवती व्रणाची ऊती तयार होत गेली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. शिसं आणि कॅडमियम हे धातूही नलिकांमध्ये साठतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे लोकांच्या नलिका बिघडल्या, हाडं ठिसूळ झाली आणि त्या दुखण्याला ‘इताई-इताई’ हे नाव पडलं.

याशिवाय काही औषधांची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येऊन नलिकांभोवती दाह होतो. त्यात ॲसिडिटीवरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्याही येतात. थोड्या जणांमध्ये दोष जन्मजात असतो.

इजा झाल्यावर पेशीत काय घडतं?

पहिल्या टप्प्यातल्या पेशीच्या नलिकेच्या पोकळीकडच्या बाजूला बारीक तंतूंची दाट झालर असते. तिच्यामुळे शोषणाला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. ऑक्सिजन तुटला की ही झालर गळू लागते. सोडियम बाहेर ढकलणारे पंप पेशीच्या तळाशी असायला हवेत, ते जागा सोडून भरकटतात. त्यामुळे मीठ एका दिशेने वाहून नेण्याची शिस्तच मोडते. मग पेशी तळाच्या पडद्यापासून सुटते. सुटलेल्या पेशींतल्या काही मेलेल्या असतात, काही चक्क जिवंत.

ताजी लघवी फिरवून तिचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नळीच्या आकाराचे, खरखरीत, चिखलासारख्या तपकिरी रंगाचे तुकडे दिसतात. नलिकेच्या पोकळीत जमलेला तो साचा जसाच्या तसा बाहेर आलेला असतो. अनुभवी डोळ्यांना हे तुकडे दिसले की निदान बरंचसं पक्कं होतं. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे, तरी ती अनेकदा केली जात नाही याचं वाईट वाटतं.

लघवी तर भरपूर होतेय. मग किडनीला काय झालं असणार?

लघवीचं प्रमाण आणि किडनीचं काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नलिकांची इजा झालेल्या पुष्कळ रुग्णांची लघवी कमी होतच नाही, पण त्या लघवीतून टाकाऊ पदार्थ पुरेसे जात नाहीत. निरोगी किडनी गरजेप्रमाणे लघवी अगदी पातळ किंवा रक्ताच्या चौपट दाट करू शकते. इजा झालेली नलिका दोन्ही करू शकत नाही. लघवीची घनता दिवसभर १.०१० च्या आसपास अडकून राहते, पाणी प्यायलं काय आणि न प्यायलं काय. लिथियमसारख्या औषधाने शेवटच्या टप्प्याला इजा झाली असेल तर माणूस रात्रीतून चार-पाच वेळा उठतो आणि तहान भागत नाही. तेव्हा लोक बहुधा मधुमेहाची तपासणी करून ‘साखर नाही’ म्हणून निश्चिंत होतात.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तरी नलिका बिघडलेल्या असू शकतात का?

हो. क्रिएटिनिनकडेच डोळे लावून बसलं तर नेमके हेच रुग्ण सुटतात.

पहिल्या टप्प्यात व्यापक बिघाड झाला की त्याला फँकोनी सिंड्रोम म्हणतात. रक्तातली साखर नॉर्मल असते आणि लघवीत मात्र साखर सापडते. एरवी रक्तातली साखर १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. साखरेबरोबर फॉस्फेट, युरिक आम्ल, अमिनो आम्लं आणि बायकार्बोनेटही वाहून जातात. फॉस्फेट गेलं की हाडं दुखतात, मुलांची वाढ खुंटते, पाय वाकतात. अशा माणसाला वर्षानुवर्षं नुसतं कॅल्शियम दिलं जातं आणि लघवीकडे कुणी बघत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकूनच काम करतात. त्या घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसणारच. ती इजेची खूण नाही.

शेवटच्या टप्प्याला आम्ल बाहेर टाकता आलं नाही तर रक्तात आम्ल साठतं, पोटॅशियम घसरतं, हातापायातली ताकद जाते आणि मुतखडे पुन्हा पुन्हा होतात. याच्या उलट प्रकारात पोटॅशियम वाढतं. हा प्रकार मधुमेहात बराच दिसतो. म्हणून क्रिएटिनिनबरोबर सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम बघावं असं मी आग्रहाने सांगेन.

आणि क्रिएटिनिन वाढलं म्हणजे इजा झालीच, असं समजायचं का?

नाही. थोडं क्रिएटिनिन नलिकाही रक्तातून लघवीत टाकतात. ट्रायमेथोप्रिमसारखी औषधं हा मार्ग अडवतात, तेव्हा गाळप कमी न होताच आकडा वाढतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही वेगळी तपासणी कामी येते.

शरीरात पाणी कमी पडलंय की नलिकांना इजा झालीय, हे डॉक्टर कसं ओळखतात?

पाणी कमी पडलं असेल आणि नलिका धडधाकट असतील तर त्या जिवाच्या आकांताने मीठ-पाणी वाचवतात. लघवी थोडी पण दाट होते आणि तिच्यात सोडियम अगदी कमी असतं. गाळलेल्या सोडियमपैकी एक टक्क्याहून कमीच बाहेर जातं. नलिकांना इजा झाली असेल तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जातं, कारण वाचवणारेच जायबंदी असतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या की हा हिशोब फसतो, तेव्हा सोडियमऐवजी युरियाचं प्रमाण बघतात.

पण या दोन अवस्थांमध्ये भिंत नाही. पाणी कमी पडलेली अवस्था लांबली की तिचीच पुढे इजा होते. वेळेवर द्रव दिला तर पहिल्या अवस्थेत क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत उतरतं. दुसऱ्या अवस्थेत ते उतरत नाही, आणि तरी सलाईन चालूच ठेवलं तर पाणी फुप्फुसात साठतं.

क्रिएटिनिन उशिरा वाढतं म्हणजे किती उशिरा? आधी कळण्याचा मार्ग नाही का?

इजा आज झाली तर आकडा नीट वाढलेला दिसायला एक-दोन दिवस जातात. सध्याच्या व्याख्येनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर किडनीला तीव्र इजा झाली असं धरतात. त्यामुळे क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ झालं तर तो आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेत असूनही गंभीर असू शकतो. जुने रिपोर्ट जपून ठेवा ते यासाठी. एनगॅल आणि किम-१ ही प्रथिनं लघवीत लवकर वाढतात, पण त्यांच्या तपासण्या सगळीकडे होत नाहीत.

नलिका पुन्हा भरून येतात का?

येतात, आणि ही या सगळ्यातली सर्वात दिलासा देणारी बाब आहे. अख्खा नेफ्रॉन मेला तर मोठ्या माणसात नवीन तयार होत नाही. पण नलिकेच्या अस्तराचं तसं नाही. तळाचा पडदा शाबूत असेल तर वाचलेल्या पेशी आपलं विशेष काम काही काळ सोडतात, चपट्या होऊन उघड्या जागेवर पसरतात, विभागून संख्या वाढवतात आणि मग पुन्हा मूळ रूपात येतात. याला सहसा एक ते तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त.

या काळात एक टप्पा फसवा असतो. गाळप सुरू होतं, पण नव्या पेशी अजून कच्च्या असतात. लघवी अचानक दिवसाला कित्येक लिटर होऊ लागते. घरच्यांना आनंद होतो, आणि नेमकं तेव्हाच पोटॅशियम आणि पाणी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतं. या दिवसांत रोजच्या रक्त तपासण्या चुकवू नयेत.

मग काही जणांना कायमचा आजार का जडतो?

इजा फार मोठी असली, पुन्हा पुन्हा झाली किंवा आधीच वय, मधुमेह, जुना किडनीविकार असला तर दुरुस्ती अर्धवट राहते. काही पेशी विभागणीच्या मध्यावर अडकून पडतात आणि भोवती व्रणाची ऊती वाढवणारे संदेश सोडत राहतात. नलिका आक्रसतात आणि शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ होतात. पुढे गाळणी धड असली तरी तिला नलिकाच उरत नाही, मग ती असून नसल्यासारखी. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, किडनीचं भवितव्य सांगण्यासाठी गाळणीइतकाच, बहुतेकदा तिच्याहून जास्त, नलिका आणि त्यांच्या भोवतीच्या व्रणाचा अंदाज उपयोगी पडतो, मग मूळ आजार गाळणीचा का असेना.

ड जीवनसत्त्वाला अखेरचं सक्रिय रूप नलिकेच्या पहिल्या टप्प्यात मिळतं. रक्त तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे नलिकांच्या शेजारच्या पेशी बनवतात. म्हणून नलिकांच्या जुन्या आजारात हाडांचं दुखणं आणि रक्तक्षय सोबत येतात.

नलिका बऱ्या करणारं औषध आहे का?

इजा झालेल्या नलिका लवकर भरून आणणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. एकेकाळी त्यासाठी डोपामिन हे औषध कमी मात्रेत द्यायची पद्धत होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने लघवी वाढू शकते, अंगात साठलेलं पाणी उतरू शकतं, पण नलिका त्याने बऱ्या होत नाहीत. ‘किडनी साफ करणारे’ काढे तर या अवस्थेत सरळ घातक ठरू शकतात.

उपचार म्हणजे कारण दूर करणं, रक्तदाब राखणं, घातक औषधं थांबवणं, बाकीच्या औषधांची मात्रा कमी करणं आणि नलिकांना सावरायला वेळ मिळवून देणं. पोटॅशियम किंवा आम्ल आवरेना, फुप्फुसात पाणी भरलं किंवा युरियामुळे शुद्ध हरपू लागली तर डायलिसिस लागतं. डायलिसिस एकदा सुरू झालं की कायमचं, ही भीती इथे बऱ्याचदा खोटी ठरते. विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम किडनीने १९४५ साली नेदरलँड्समध्ये जी पहिली रुग्ण वाचवली, तिच्या किडन्याही नंतर स्वतः काम करू लागल्या होत्या.

भरपूर पाणी प्यायलं तर किडनी धुऊन निघते ना?

जुलाब, उलट्या, उन्हाचा त्रास झाला असेल तर वेळेवर पाणी-मीठ मिळणं इजा टाळतं. इजा झाल्यावर, विशेषतः लघवी कमी असताना, जास्तीचं पाणी सूज, धाप आणि सोडियमची घसरण घडवतं. किती प्यायचं ते लघवीच्या मापावरून डॉक्टर ठरवतील.

रोजच्या गोळ्यांचं काय करायचं?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. त्याच माणसाला रक्तदाबाची ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ने संपणारी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, आणि वर जुलाब लागले, तर तिन्ही मिळून नलिकांचा ऑक्सिजन तोडतात. अशा आजारपणात कोणती गोळी तात्पुरती थांबवायची हे आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मनाने बंद करू नका, आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायलाही विसरू नका.

डिस्चार्ज मिळाला, क्रिएटिनिन उतरलं. आता तपासणी कधी?

पहिली तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग तीन महिन्यांनी नक्की. त्या वेळी क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट, लघवीची साधी तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं प्रमाण बघावं. आजारपणात स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा चांगलं दिसू शकतं. पुढे कुठेही नवीन औषध, शस्त्रक्रिया किंवा डाय देऊन स्कॅन करायची वेळ आली तर ‘आधी किडनीला इजा झाली होती’ हे सुरुवातीलाच सांगा आणि डिस्चार्जचा कागद सोबत ठेवा.